शहाडच्या सरांची सिद्धता

माळशेज घाट उतरेपर्यंत माझ्या कमरेनं हात टेकले होते. संगमनेरहून निघालेल्या एसटीत खिडकीची काच बंद होत नव्हती, आणि शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्याची उशी करून चांगली ताणून दिली होती. मुरबाड गेलं, रायत्याचा पूल आला, खाली उल्हास नदी दिसली, तेव्हा कुठे त्या जाग्या झाल्या आणि मलाच म्हणाल्या, "झोप लागली का हो तुम्हाला? प्रवासात बरी झोप लागते." मी नुसती मान हलवली. भांडायलासुद्धा त्राण लागतं.

खरं तर यायचंच मनात नव्हतं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते, निवृत्ती आता तोंडावर आलीय, आणि चर्चासत्रं इतकी झाली की पिशवी, पेन, प्रमाणपत्र आणि जेवणातले गुलाबजाम एवढंच लक्षात राहतं. पण कल्याणच्या या चर्चासत्रात ढवळे सरांचा सत्कार होता. त्यांच्या व्याख्यानाच्या सत्राची अध्यक्ष मी. ज्यांनी बोट धरून शिकवलं त्यांना नाही कसं म्हणायचं?

चर्चासत्राचं नाव होतं 'अभिजातेतर तर्कशास्त्र आणि त्याची उपयोजनं'. नाव ऐकून आमच्या घरचे जेवायचे थांबले होते, म्हणून त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. हा दाखला सरांचाच. फडताळात एक डबा आहे. त्यात लाडू आहेत किंवा नाहीत. नेहमीचं, म्हणजे अभिजात, तर्कशास्त्र म्हणतं, हे वाक्य झाकण न उघडताच खरं. दोन्हींपैकी एक असणारच. सरांचं तर्कशास्त्र म्हणतं, तोंडाची वाफ दवडू नका, आधी झाकण उघडा. लाडू दाखवा, नाहीतर रिकामा डबा दाखवा. तोवर 'एकतर हे, नाहीतर ते' असं म्हणायचा अधिकार कुणाला नाही. या कडक शिस्तीत सरांनी तरुणपणी एक सिद्धान्त मांडला. आम्ही मूठभर लोक त्याला ढवळ्यांचा सिद्धान्त म्हणतो. बाकी जगाला त्याचं सोयरसुतक नाही.

सर राहतात शहाडला. मी फाट्यावर उतरले, पिशवी घेऊन जिने चढले, तर सर दारातच उभे.

"ये ये मंगल! कुठल्या गाडीनं आलीस?"

"एसटीनं सर, माळशेजवरून."

मग ते जुन्या एसटीबद्दल, घाटात थांबून खाल्लेल्या भज्यांबद्दल अगदी रंगून बोलले. सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा आणला. माझा चहा अर्धा झाला असेल नसेल, तोच सर म्हणाले, "मग, कुठल्या गाडीनं आलीस?"

मी हसून पुन्हा सांगितलं. थट्टा असेल असं वाटलं. काकू माझ्याकडे न बघता रिकामी बशी उचलून आत गेल्या, तेव्हा थट्टा नाही हे कळलं.

स्वयंपाकघरात काकू बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ) करत होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "वर्ष होत आलं. जुनं सगळं लख्ख आहे बरं का. आमच्या लग्नात कुणी कसला आहेर केला ते विचार, घडाघड सांगतील. नवीन मात्र राहत नाही. सकाळचं दुपारी नाही."

"मग उद्याचं व्याख्यान?"

"ते ह्यांना झोपेतसुद्धा येतं गं. त्याची काळजी नाही." त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. "आयुष्यभर राबले, कुणी कधी हातावर साधा नारळ ठेवला नाही. उद्या सगळ्यांसमोर एवढा एक सिद्धान्त मांडतील, शाल घेतील, घरी येतील. एवढं नीट पार पडू दे, मंगल. मग पुढे काय व्हायचं ते होवो."

बिरडं सुंदर झालं होतं. पण मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

सकाळी सर आणि मी रिक्षानं कल्याणला निघालो. काकू दुपारी, सत्काराच्या वेळेला येणार होत्या. सरांनी कडक इस्त्रीचा झब्बा घातला होता. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "काका, एकदम टकाटक! लग्न आहे का?"

"आहे ना. माझंच," सर म्हणाले.

"मग आंटींना सांगितलंय ना?" तो म्हणाला, आणि सर खो खो हसले. इतक्या चांगल्या मूडमध्ये मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बाजाराच्या रस्त्याला भाजीचे टेम्पो आडवे आले, कोथिंबिरीचा आणि सडक्या कोबीचा वास नाकात बसला, हॉर्ननी डोकं उठलं. सर मात्र मांडीवर बोटानं काहीतरी लिहीत होते.

कॉलेजात रांगोळी तयार, समई तयार, स्वागतगीताच्या मुली तयार. नव्हते ते फक्त प्रमुख पाहुणे. ते शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकले होते. संयोजक प्रा. सावंत दोन्ही हातांत दोन फोन घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

"सावंत, सरांना तरी आधी बोलू द्या," मी म्हटलं. "वयस्कर माणूस आहे, ताटकळत कशाला ठेवायचं?"

"मॅडम, दीपप्रज्वलनाच्या आधी कसं सुरू करणार?"

"काड्यापेटी मी देते!"

सावंत कसनुसं हसले आणि फोनवर बोलायला लागले. तर्कशास्त्र अभिजात असो की अभिजातेतर, पाहुण्याशिवाय समई पेटत नाही. मी खुर्चीत जाऊन बसले आणि पाय मोकळे केले. शेजारी डोंबिवलीचा एक तरुण संगणकवाला आपलं उपयोजन सांगत होता. हॉस्पिटलच्या नोंदींत एक डॉक्टर लिहितो रुग्णाला मधुमेह आहे, दुसरा लिहितो नाही. नेहमीच्या तर्कानं चाललं तर त्या एका विसंगतीतून वाट्टेल ते सिद्ध होतं. "म्हणजे बघा मॅडम, पेशंट बाळंत झाला, असंसुद्धा!" म्हणून त्याची प्रणाली विसंगती बाजूला ठेवून बाकीचं काम चालू ठेवते. बरं वाटलं ऐकून. आमच्या घरातही वर्षानुवर्षं तेच चाललंय.

सरांचा धीर मात्र सुटला. ते उठले आणि शेजारच्या रिकाम्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहायलाच लागले. आम्ही पाच-सहा जण मागोमाग गेलो. त्यांत ग्रेसी होती. ग्रेसी ठाण्याची, संशोधन करणारी मुलगी, बारीक चणीची, चष्म्यातून टकमक बघणारी. सर ओळीमागून ओळ लिहीत गेले. बोलणं असं स्वच्छ की मी पुन्हा विसाव्या वर्षाची झाले. मी स्वतः हीच सिद्धता जन्मभर मुलांना शिकवत आलेय.

"सॉरी हां सर," ग्रेसी म्हणाली. "वरून चौथी ओळ. तुम्ही लिहिलंय, पायऱ्यांची ही साखळी कुठेतरी थांबते किंवा थांबत नाही. हे आपण असंच कसं घेतलं? डबा कुठे उघडला?"

मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. पोरगी बरोबर होती. ही चूक फक्त आमच्या पंथाच्या माणसांच्या हातून होते. 'एकतर हे, नाहीतर ते' यावर बहिष्कार टाकायचा, त्यावर जन्म काढायचा, आणि ऐन सिद्धतेत तेच वाक्य तोंडून निघून जायचं, कारण लहानपणापासून जीभ तशीच वळलेली असते. सोवळ्यात स्वयंपाक करता करता हात ओवळ्या फडक्याला पुसावा, तसं. आणि आम्हा कुणालाही इतकी वर्षं ते दिसलं नव्हतं.

सर फळ्यापासून दोन पावलं मागे सरकले. ती ओळ वाचली. मग म्हणाले, "बरोबर आहे." आणि काय सांगू, चेहरा उजळला त्यांचा! "अगदी बरोबर आहे. कुठे होतीस गं तू इतके दिवस?"

मग ते बाकावर बसले. "मंगल, सिद्धता गेली," लाइट गेले म्हणावं तसं म्हणाले. सिद्धान्त खोटा ठरला असं नव्हे. पण आमच्या शिस्तीत सिद्धता गेली की हातात काही उरत नाही.

"दुपारी मग दुसरं काहीतरी बोलूया, सर," मी म्हटलं.

"तू मला लहान मूल समजू नकोस. दुपारपर्यंत हे माझ्या डोक्यातून जाणार. मला ठाऊक आहे माझं काय झालंय ते. मी तिथे उभा राहून छातीठोकपणे हेच मांडणार." त्यांनी ग्रेसीकडे बोट केलं. "तेव्हा तू उठायचंस आणि हाच प्रश्न विचारायचास, सगळ्यांसमोर. आणि मंगल, तू अध्यक्ष आहेस. तू तिला विचारू द्यायचंस. माझ्या नावावर खोटी सिद्धता पुढे जायला नको. कबूल?"

"मी चिठ्ठी लिहून तुमच्या खिशात ठेवते ना, सर."

"चिठ्ठीवर माझा विश्वास बसेल? सिद्धता मोडली असं सांगून चालत नाही. मोडून दाखवावी लागते. बोल, कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. काय म्हणणार दुसरं?

पाहुणे आले, समई लागली, भाषणं झाली, ती थेट जेवणापर्यंत चालली. काकू आल्या होत्या, ठेवणीतली जांभळी साडी नेसून, डोक्यात मोगऱ्याचा गजरा. सर पुरी खात होते. मी हळूच विचारलं, "सर, सकाळी त्या वर्गात काय झालं?"

"कुठल्या वर्गात?" ते म्हणाले. "माझं सत्र कधी आहे गं?"

मी काकूंना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"नाही मंगल. प्रश्न विचारू द्यायचा नाही."

"काकू, त्यांनीच वचन घेतलंय."

"सकाळच्या माणसानं घेतलं. तो गेला. आत्ताचा माणूस बघ, कसा खुशीत जेवतोय. त्याच्या तोंडचा घास काढणार तू?"

तेवढ्यात सावंत आले. "मॅडम, व्याख्यान झालं की थेट आभार. सत्कारमूर्तींना प्रश्न विचारायची पद्धत नाही आपल्याकडे." म्हणजे मार्ग अगदी आयता होता. मी गप्प बसले असते तर कुणी मला बोल लावला नसता. खरं सांगते, त्या क्षणी मला सरांचा राग आला. स्वतः विसरून मोकळे झाले आणि ओझं माझ्या डोक्यावर.

सभागृह भरलं होतं. शाल दिली, नारळ दिला, टाळ्या झाल्या, काकूंनी डोळे पुसले. मग सर बोलायला उभे राहिले. शाल खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी सिद्धता मांडली, तोंडपाठ स्तोत्र म्हणावं तशी, न अडखळता. चौथी ओळ आली. गेली. ग्रेसी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. शेवटी सर हसून खाली बसले, आणि टाळ्या थांबेचनात.

सावंत मला खुणेनं 'आवरा' म्हणत होते. काकू पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. नको, नको.

"कुणाला काही प्रश्न?" मी म्हटलं. कुणी उठलं नाही. ग्रेसीही नाही. माझं नशीब, असं क्षणभर वाटलंसुद्धा. पण सकाळचे सर डोळ्यांपुढून हलेनात. त्या माणसाच्या बाजूनं त्या सभागृहात दुसरं कोण बोलणार होतं?

"ग्रेसी, तुझा प्रश्न होता ना?"

ती उठली. तिनं चौथ्या ओळीचं विचारलं. सर आधी प्रेमानं हसले, "छे छे, असं नाहीये ते, सांगतो," म्हणत फळ्याकडे वळले. ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. शाल खांद्यावरून घसरली, ती कुणीतरी उचलून खुर्चीवर ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. शब्द सकाळचेच, पण चेहरा तो नव्हता. समोर भरलेलं सभागृह होतं. "हे तुला कधी दिसलं, बाळ?"

"सकाळी, सर."

"मग सकाळीच यायचं ना गं माझ्याकडे. एवढ्या लोकांसमोर…"

मी माईक ओढला, खरं काय ते सांगायला. पण ग्रेसीनं माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. "चुकलं, सर," ती म्हणाली.

काकू सरांचा हात धरून निघाल्या. माझ्या जवळून जाताना थांबल्या. "झालं समाधान?" एवढंच म्हणाल्या. मला तिथेच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

या सगळ्यात संध्याकाळची माझी एसटी चुकली. शहाडला परत जायचं तोंड नव्हतं. ग्रेसी म्हणाली, "मॅडम, ठाण्याला घरी चला माझ्या," आणि मी बॅग उचलून तिच्यामागून गेले. विचार करायची ताकद संपली होती.

तिचं घर खाडीकडच्या जुन्या गावात, क्रुसासमोर, चारी बाजूंनी टॉवर उठलेत त्यांच्या मधोमध. तिच्या आईनं गरम फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं. लेकीचा चेहरा बघून काहीतरी बिनसलंय हे तिनं ओळखलं होतं. "आधी जेवा," ती म्हणाली. "रडायचंय तर भरल्या पोटी रडा." फुगे मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले, आणि लाज सोडून पुन्हा मागून घेतले.

"मी खोटं बोलली ना, मॅडम?" ग्रेसीनं ताटात बोट फिरवत विचारलं. "पण काय बोलणार? सर, तुम्ही विसरलात, असं? सगळ्यांसमोर?"

"तू खोटं बोललीस. आणि बरोबर केलंस," मी म्हटलं.

"मग प्रश्न विचारला ते?"

"ते मला माहीत नाही गं," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणहून परतीची गाडी धरली. शहाड आलं तेव्हा उतरावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. बस पुढे निघाली आणि मी खिडकीला डोकं टेकून बसून राहिले. माणूस दिलेल्या शब्दाला जागला की त्याला शांत झोप लागते, असं लहानपणी ऐकलं होतं. घाटात, वळणावळणांवर, मला डुलकीसुद्धा लागली नाही. सत्य जिथल्या तिथे पोचवून मी निघाले होते, आणि एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यातली एकुलती एक शाल खुर्चीवर राहिली होती. कमरेपेक्षा तेच जास्त दुखत होतं.

घरी येऊन चहा टाकला, तेवढ्यात काकूंचा फोन. आता मनसोक्त बोलणी खायची, या तयारीनं मी उचलला.

"मंगल, काय करू गं मी?" काकूंचा आवाज रडवेला होता. "ह्यांना काही आठवत नाही. व्याख्यान झालं, हेही नाही. पण कालपासून अन्नाला शिवले नाहीत. नुसते खिडकीशी बसून आहेत. सारखं विचारतात, सुमन, मला कशाचं गं वाईट वाटतंय? मी म्हटलं, कशाचं नाही. तर म्हणतात, मग वाटतंय कसं?"

मी खुर्चीत बसले. गोष्ट डोक्यातून गेली होती आणि दुःख तेवढं मागे राहिलं होतं, बिननावाचं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काकू, सरांना द्या फोन."

"हॅलो," सरांचा आवाज खोल गेलेला.

"सर, मी मंगल. तुमच्या सिद्धतेत एक चूक सापडलीय."

"अं? कुठे?"

"कागद घ्या. सांगते."

एकेक ओळ करत मी चौथ्या ओळीपाशी आले आणि ग्रेसीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे," सर म्हणाले. मग एवढा मोठा सुस्कारा आला की मी फोन कानापासून लांब धरला. "एवढंच होय? अगं, मला वाटलं, घरातलं कुणीतरी गेलं आणि सुमन माझ्यापासून लपवतेय! सुमन, काही नाही गं, सिद्धता मोडलीय नुसती. जेवायला वाढ."

भांड्यांचा आवाज झाला. मग काकू पुन्हा फोनवर आल्या.

"मंगल," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती चूक मला नीट समजावून सांग. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण शिकेन मी. उद्या सकाळी हे पुन्हा विचारतील."

मी चहा बाजूला ठेवला आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागले.